खिशातला गूळ

कडूबा शेजूळ सुटीवर आला की गारखेड्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात पहिलं काम असायचं ते आंघोळीचं. चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीवरून निघताना तो अंग घासूनपुसूनच निघालेला असायचा, तरी वच्छलाबाई बंब पेटवून ठेवायची. तिचा अनुभव पक्का होता. कोळसा घामाबरोबर आणखी दोन दिवस अंगातून येत राहतो आणि उशीच्या अभ्र्यावर डोक्याची करडी छाप पडते. म्हणून त्याची उशी वेगळी आणि पंचाही वेगळा. पापण्यांच्या कडांना बसलेली काळी रेघ मात्र कशानंच जायची नाही.

शेजारच्या सगीराला ती रेघ बघून भारी गंमत वाटायची. मधल्या भिंतीवरून डोकावून ती म्हणायची, "भाभी, भाईजान फिर सुरमा लगाको आए क्या? आमचे हे तर ईदलाच लावतात. तुमचे बारा महिने!"

"ने की तुझ्या मालकाला एकदा तिकडं," वच्छलाबाई म्हणायची. "फुकटात लावून मिळंल."

दोघी हसायच्या. कडूबाही आतून हसायचा आणि हसता हसता त्याला खोकला लागायचा. तो सुरू झाला की वच्छलाबाईचं हसू आपोआप थांबायचं.

आंघोळ झाली की तो हातात काठी घेऊन दोन्ही खोल्यांचं छत ठोकून बघायचा. खाणीत त्याचं कामच ते होतं. कोळसा काढून झाला की वरचा दगड अधांतरी राहतो. त्याला लाकडाचे खांब टेकवायचे आणि खांब लावण्याआधी लोखंडी कांब ठोकून छताचा आवाज ऐकायचा. खणखणीत वाजलं तर पक्कं. भद्द वाजलं तर हातातलं टाकून पळायचं. गारखेड्याचा स्लॅब दर सुटीत खणखणीतच वाजायचा, तरी ठोकल्याशिवाय त्याला त्याखाली झोप यायची नाही. "अहो, खाली माणसं राहत्यात, उंदीर नाय," असं वच्छलाबाई म्हणायची खरी, पण तो ठोकून होईपर्यंत तीही श्वास धरून उभी असायची.

कडूबा मूळचा देवगाव रंगारीचा. बाहत्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर नवराबायको दोघंही खडी फोडत होती. तिथल्या एका मुकादमानं त्याला सांगितलं, "दगडच फोडायचा तर खाणीत फोड, तिकडं नोकरी पक्की असते." कडूबाला वाटलं, खाण म्हणजे दगडाची खाण. तशा खाणी त्यानं पाहिल्या होत्या. खाली दगड, वर आभाळ, बाजूला एखादं लिंबाचं झाड. तिथं पोचल्यावर त्याला लोखंडी पाळण्यात उभं केलं, डोक्याला दिवा बांधला आणि पाळणा खाली जायला लागला. तळाशी उतरल्यावर त्यानं वर बघितलं आणि शेजारच्याला विचारलं, "इथं आभाळ कुठंय?"

एवढी माणसं हसली म्हणे, की पाळण्याचा माणूस वरून ओरडला, काय झालं? त्या दिवसापासून खाणीत त्याचं नाव पडलं ते आभाळ. "ए आभाळ, खांब आण." "आभाळा, तंबाखू दे." पुढं नवी आलेली पोरं तर त्याचं आडनावच आभाळे समजायची.

दुसऱ्या वर्षी त्यानं वच्छलाबाईला तिकडं नेलं. मजुरांच्या चाळीत राहून तिथल्या बायकांच्या रीती ती शिकली. माणूस पाळीवर निघाला की "कवा येणार" असं विचारायचं नाही. त्याला मागून हाक मारायची नाही. जाताना त्याच्या खिशात गुळाचा खडा टाकायचा, कारण गुळानं घशातली धूळ सुटते, आणि दुसरं काही त्याच्याबरोबर खाली पाठवताही येत नाही. पाळीचा भोंगा वेळेवर वाजला तर स्वयंपाकाला लागायचं. अवेळी वाजला तर पोरगं कडेवर मारून खाणीच्या तोंडाशी धावायचं.

ती तशी धावली ती कारभारी नावाच्या पोराच्या वेळी. त्यांच्याच कन्नड भागातला तो. सकाळी त्यांच्याच घरी भाकर खाऊन गेला होता. वरचा दगड बसला आणि त्याला वर आणलं ते पोत्यात गुंडाळून. त्या वेळी कडूबा दुसऱ्या पाळीवर होता. वच्छलाबाईला मात्र खाणीच्या तोंडाशी उभं असताना हे कुणी सांगितलं नव्हतं. पोतं उघडेपर्यंत तो आपलाच असं ती धरून चालली होती.

मग कडूबानंच ठरवलं. "बद्रीला घेऊन औरंगाबादला राहा. शिकव त्याला. भोंगा ऐकू येत नाय अशा जागी राहा."

तिनं ऐकलं. पण शहरात आल्यावर तिला कळलं, की तिकडं निदान भोंगा वाजला नाही म्हणजे माणूस सुखरूप आहे एवढं तरी समजायचं. इथं काहीच वाजत नव्हतं. सुरुवातीला स्टेशनाकडच्या कारखान्याचा भोंगा झाला तरी ती हातातलं पीठ तसंच घेऊन दारात यायची. हळूहळू दारात येणं सुटलं. दचकणं काही सुटलं नाही. चांगलं जेवण पानात पडलं की तिला वाटायचं, आत्ता या घटकेला तिकडं काय चाललं असेल? आणि असं कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं की खरं होतं, असंही तिला वाटायचं.

बद्रीनाथ तिच्या हाताखाली वाढला. बापाची आणि त्याची गाठ सुटीपुरती. लहानपणी तो बापाच्या शर्टाच्या खिशात हात घालून गुळाचा खडा पळवायचा. खिशातला गूळ आपल्यासाठीच आणलेला असतो अशी त्याची समजूत होती. औरंगपुऱ्यातल्या कॉलेजातून तो बी.कॉम. झाला, आणि मग तिथल्याच एका कापडाच्या दुकानात ठाण मोजायला लागला. कायमची नोकरी काही हाताला लागेना.

भारनियमनाचे ते दिवस होते. संध्याकाळी वीज गेली की कॉलनीतली माणसं ओट्यांवर येऊन बसायची आणि सरकारला शिव्या द्यायची. एकदा कडूबा सुटीवर असताना कॉलनीचे अध्यक्ष तात्यासाहेब म्हणाले, "परळीला कोळसा पोचत नाही म्हणे. फुकटचा पगार खातात लेकाचे, दुसरं काय!"

कडूबा खालमानेनं बसून राहिला. वच्छलाबाईला मात्र राहवलं नाही. "तात्यासाहेब, कोळसा काय झाडाला लागतो व्हय? वाऱ्यानं पडला अन् आणला वेचून?"

तात्यासाहेब चपापले. हा माणूस कंपनीत काहीतरी करतो, एवढंच त्यांना माहीत होतं. "अहो शेजूळ, तुम्ही खाणीत? मला वाटलं ऑफिसात."

"ऑफिसच हाय," कडूबा म्हणाला. "फक्त जरा खाली हाय."

सगळे हसले आणि विषय संपला. त्या गल्लीतल्या ज्या दिव्याखाली पोरं अभ्यास करायची, ज्या मोटारीनं टाकीत पाणी चढायचं, त्यामागं कुठंतरी कमरेत वाकून खांब टेकवणारी अशी हजारो माणसं उभी आहेत, हे त्या अंधारात कुणाच्या मनात आलं असेल तर ते बोलून दाखवलं गेलं नाही. कडूबाची तशी अपेक्षाही नव्हती. तो उठला आणि अंधारातच आत जाऊन, कशालाही न धडकता, पाण्याचा तांब्या घेऊन आला.

त्याच सुटीत त्यानं ती गोष्ट काढली. तिघं जेवायला बसली होती.

"आमच्यात आता एक चाललंय," तो म्हणाला. "मेडिकल बोर्ड असतंय. त्यानं माणसाला अनफिट केलं, की त्याच्या जागी पोराला घेत्यात. माझी अजून थोडी वर्षं हायेत तवर करून घ्यावं म्हणतो."

वच्छलाबाईचा हात ताटातच थांबला. बद्रीनाथ मात्र सरळ होऊन बसला. "दादा, कायम नोकरी?"

"कायम. क्वार्टर, दवाखाना, समदं."

"दवाखाना फुकट देत्यात म्हंजे काय, ते समज की लेकरा," वच्छलाबाई म्हणाली.

"माय, इथं ठाण मोजून माझं काय होणार हाय? उद्या लग्नाला कोण पोरगी देईल?"

"खाणवाल्याला दिली व्हती माझ्या बापानं? रस्त्यावर खडी फोडणाऱ्याला दिली व्हती. खाण मागून आली."

कडूबानं शांतपणे भाकरी मोडली. "वच्छला, माझ्याकडं शेत नाय, दुकान नाय. पोराला द्यायला माझी जागा तेवढी हाय. ती तरी देऊ दे."

"जागा म्हणता तिला? भोक हाय ते जमिनीतलं."

"त्याच भोकानं तुला पोसलं," तो म्हणाला. आवाज चढवून नव्हे, थकून.

नंतरचे दिवस वच्छलाबाईला जड गेले. किती वर्षं ती त्याला सांगत आली होती, की पुरे करा आता, वर या, घरी या. आता तो यायला तयार होता, पण बदल्यात पोरगं खाली जाणार होतं. बोर्डानं त्याला नापास केलं तर बद्री खाली. पास केलं तर हाच पुन्हा ती धूळ गिळणार. देवापुढं हात जोडले की काय मागावं ते तिला सुचायचं नाही. नुसतीच उभी राहायची आणि वात सारून परत यायची.

बोर्डाच्या वेळी ती हट्टानं त्याच्याबरोबर गेली. एस.टी. बदलत बदलत ती दोघं तिकडं पोचली. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बायकांची रांग बसली होती. प्रत्येकीचा नवरा आत नापास व्हायला आलेला. जुन्या चाळीतली दगडाबाई भेटली. तिनं वच्छलाबाईला मिठीच मारली.

"जन्मभर नवस केले, माझ्या मालकाला पास कर म्हणून," ती मोठ्यानं म्हणाली. "आज पयल्यांदा म्हणत्ये, देवा, याला नापास कर. देव बी म्हणत असंल, या बाईला काय हवं ते एकदा ठरवू दे!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पण त्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. खाणीत दरवर्षी छाती तपासायची आणि ज्याची छाती बिघडली त्याला वरच्या हलक्या कामावर टाकायचे. पगार उतरायचा, आणि "वरचा झाला" म्हणून सोबतीचे चिडवायचे ते वेगळंच. त्यामुळं खोकला लपवण्याची विद्या तिथं पिढ्यांची होती. तपासणीला जाताना गुळाचा खडा गालात धरायचा, रस हळूहळू गिळत राहायचा, म्हणजे घसा उचकत नाही. नळी छातीला लागली की श्वास पोटातून घ्यायचा. दम लागतो का असं विचारलं, की प्रश्न संपायच्या आत "नाय साहेब" म्हणून मोकळं व्हायचं. कडूबा यात इतका तयार होता, की नव्या पोरांना तोच शिकवायचा.

आतून पुकारा झाला. "शेजूळ कडूबा!"

तो उठला. वच्छलाबाईनं पिशवीत हात घातला, कागदाच्या पुडीतून गुळाचा खडा काढला आणि त्याच्या खिशात टाकला. त्या वेळी तिच्या मनात काहीही नव्हतं. माणूस आत निघाला, खिशात गूळ टाकायचा. हात आपोआप गेला. कडूबानंही खिसा चाचपला, खडा काढून गालात धरला आणि दाराआड गेला. बाकावर ती खाली बसली आणि मग तिच्या लक्षात आलं. ती उठून उभी राहिली. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हेही तिच्या अंगात तितकंच मुरलेलं होतं.

तो बाहेर आला तेव्हा शर्टाची बटणं वरखाली लागली होती. चेहरा परीक्षेत चुकीच्या पेपराला बसलेल्या पोरासारखा.

"काय झालं?"

"पास झालो," तो म्हणाला.

"पास?" दगडाबाई ओरडली. "अहो आभाळभाऊ, पास व्हायला आला व्हता का तुमी?"

"नळी छातीला लागली अन् मी इसरूनच गेलो कशाला आलोय ते." तो वच्छलाबाईकडं बघत होता. "डॉक्टर म्हणले, दम लागतो का. माझं तोंड म्हणलं, नाय साहेब. मागून मी म्हणलो, लागतो साहेब, लई लागतो. ते हसाया लागले. म्हणले, फोटोत थोडं धुकं हाय, पन तुमच्या सगळ्यांच्याच असतंय. जा कामावर."

वच्छलाबाईच्या छातीवरचा दगड उतरला. बद्री वाचला. तेवढ्यापुरता तिला दुसरा विचारच शिवला नाही. ती दोघं व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून लिंबाखाली आली आणि तिथं कडूबाचा कोंडून धरलेला खोकला सुटला. तो झाडाला धरून उभा राहिला, मग वाकला, मग खालीच बसला. गुळाबरोबर काळी थुंकी पडली. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. हाताखाली एकेक बरगडी लागत होती. आपल्याला मघाशी किती हलकं वाटलं, ते आठवून तिला कुठं तोंड लपवावं असं झालं. मागून दगडाबाई घाईघाईनं गेली. तिच्या मालकाला नापास केलं होतं आणि ती पेढे आणायला निघाली होती.

सगीराच्या घरी फोन करून बद्रीला कळवलं. पलीकडून तो एवढंच म्हणाला, "बरं." आई परत आल्यावर त्यानं तिला विचारलं, "दादांना जागा सोडवली नाय ना?" तिनं सांगून बघितलं, की सवयीनं झालं, गुळानं झालं. पण जो माणूस नापास व्हायला दोन एस.टी. बदलून जातो तो सवयीनं पास होतो, यावर शिकलेल्या पोराचा विश्वास बसेना. गूळ आपणच दिला हे तिनं सांगितलं, तेव्हा त्यानं तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. पुढं निवृत्ती इतकी जवळ आली, की कडूबाला बोर्डाचा काही उपयोग उरला नाही.

बद्रीनाथला यथावकाश औषधांच्या एका गोदामात हिशेबाचं काम मिळालं. लग्न झालं. बापाशी तो बोलायचा ते कामापुरतं. चहा घेतला का, पाणी आलं का.

कडूबा निवृत्त झाला तेव्हा सोबतीच्यांनी त्याला शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि ते "आभाळ चाललं, आभाळ चाललं" म्हणून बसस्टँडपर्यंत ओरडत आले. गारखेड्यात आल्यावर पहिले काही दिवस तो नुसता गच्चीवर बसून असायचा. छत ठोकणं बंद झालं होतं. काठी वर धरली की दम लागायचा. पापण्यांची काळी रेघ मात्र अजून तशीच होती. उशी आता करडी होत नव्हती, तरी वच्छलाबाईनं ती वेगळीच ठेवली होती.

त्या पावसाळ्याच्या शेवटी त्याला दोन पायऱ्याही चढवेनात. सगीरानं आपल्या नवऱ्याला, जहांगीरला, रिक्षा घेऊन दाराशी उभं केलं, आणि बद्रीनाथ कामावरून सुटी काढून आईवडिलांना जवळच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीण तरुण होती. तिनं नळी कानाला लावली. "बाबा, मोठा श्वास घ्या."

कडूबानं घेतला. संथ, खोल, पोटातून.

"बरा वाटतोय की," ती म्हणाली. "दम लागतो का?"

"नाय बाई."

वच्छलाबाई खुर्चीवरून उठली. तिनं नवऱ्याच्या तोंडाखाली हाताची ओंजळ धरली, लहान पोराच्या तोंडाखाली धरतात तशी.

"थुका तो."

कडूबानं ओशाळून तिच्याकडं बघितलं.

"थुका म्हणते. आता इथं कोण तुमाला वरच्या कामावर धाडणार हाय? आता खरा श्वास घ्या एकदा."

अर्धा विरघळलेला गुळाचा खडा तिच्या ओंजळीत पडला. कडूबानं श्वास घेतला, आणि छातीतून असा आवाज आला, की डॉक्टरीण नळी धरल्या जागी थांबली. मग खोकला सुरू झाला. बद्रीनाथनं बापाचा खोकला लहानपणापासून ऐकला होता, पण तो भिंतीपलीकडून, सुटीपुरता, दाबलेला. हा तो नव्हता. हा संपतच नव्हता. तो दाराशी उभा होता, तिथून पुढं आला आणि त्यानं बापाच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली बरगड्या लागल्या असाव्यात, कारण त्यानं तो क्षणभर उचलला आणि पुन्हा ठेवला.

खोकला जरा बसल्यावर त्यानं खाली वाकून विचारलं, "दादा, तवा बी असंच झालं व्हतं?"

कडूबाला बोलवेना. त्यानं मान हलवून हो म्हटलं. मग एक श्वास गोळा करून तो डॉक्टरणीला म्हणाला, "बाई, आता करा नापास."

डॉक्टरणीला काही कळलं नाही. ती कागदावर लिहायला लागली. बद्रीनाथ बापाच्या पायाशी स्टुलावर बसला आणि त्याच्या शर्टाची वरखाली लागलेली बटणं काढून सारखी लावू लागला. मध्येच त्याचा हात बापाच्या खिशावर थांबला. खिशात गुळाचे आणखी दोन खडे होते.

वच्छलाबाईच्या तळहाताला गूळ चिकटला होता. हात धुवायला ती कोपऱ्यातल्या बेसिनशी गेली. नळाला पाणी नव्हतं. मूठ मिटून ती परत येऊन खुर्चीवर बसली.